चुकीच्या विधानांची वही

मॅडमनी मला पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला होता, "पूर्व कुठे आहे?"

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात भूगोलाला तासिका तत्त्वावर माणूस हवा होता. तासिका तत्त्वावर म्हणजे शिकवलेल्या तासांपुरताच प्राध्यापक, जूनमध्ये घ्यायचा आणि मार्चनंतर विसरून जायचा. प्राचार्य माझी फाइल चाळत होते आणि शेजारी विभागप्रमुख मॅडम बसल्या होत्या. मी खिडकीतून स्टेशनच्या पलीकडे बोट दाखवलं. मुलुंड पूर्व तिकडेच आहे, हे कांदिवलीच्या माणसालाही ठाऊक असतं.

"ते रेल्वेचं पूर्व," मॅडम म्हणाल्या. "मी पृथ्वीचं विचारतेय."

मग त्यांनी पर्समधून पितळी होकायंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझं बोट धरून चांगलं चार इंच डावीकडे सरकवलं. "घ्या याला," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "बोट सरकवू देतो." माझ्या दोन पदव्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही.

आमच्या विभागात माणसं दोनच, त्या आणि मी. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सवयींचा मी एकटाच वाटेकरी झालो. जगातली चूक दुरुस्त करणं हे त्यांना नेमून दिलेलं काम आहे अशा थाटात त्या वावरायच्या. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त, नावं वगैरे न बघता आधी मागचा नकाशा बघायच्या. हॉलकडे जायचा रस्ता दाखवताना छापणाऱ्याने उत्तर दिशा हमखास चुकवलेली असायची. मॅडम पेन्सिलने नवा नकाशा काढून आहेरासोबत परत द्यायच्या. कॉलेजसमोरच्या ज्यूसवाल्याने ऑगस्टमध्ये 'ताजी महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' अशी पाटी लावली, तेव्हा त्यांनी त्याला महाबळेश्वरच्या पावसावर वीस मिनिटं ऐकवलं. त्याने पाटी काढली आणि मॅडम दिसल्या की तो लिंबं कापायला खाली वाकायला लागला.

घरचं भांडण असो, पगारवाढ असो, प्रत्येक अडचणीवर त्यांचं उत्तर एकच, "नकाशात बघ." मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. बोलणं शुद्ध, पण रागावल्या की मालवणीत शिरायच्या. आणि त्या स्वतः कधीच चुकत नसत. अठ्ठावीस वर्षांत त्यांची एकही चूक कोणाला सापडली नव्हती. वर्गातली मुलं त्यांच्यासमोर तोंड उघडत नसत याचं कारण हेच होतं, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

लॉकडाऊनमध्ये कॉलेजने ऑनलाइन चर्चा मंच सुरू केला होता. लॉकडाऊन गेला, मंच राहिला. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला एक मत मांडायचं, दुसऱ्या दोघांच्या मतांना उत्तर द्यायचं, आणि त्याला गुण. हा मंच सांभाळायचं काम अर्थातच तासिकेवाल्याच्या गळ्यात पडलं. आकडा झकास होता, साठच्या साठ मुलं दर आठवड्याला हजर. एकदा मी सहज वाचायला बसलो. विषय होता शहरीकरणाचे परिणाम. पहिल्याच मुलाने लिहिलं होतं, 'वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.' वर काहीच नव्हतं. खाली एकोणसाठ जण त्याच्याशी सहमत होते.

मी हे मॅडमना दाखवलं. त्यांचा चेहरा कोणीतरी नकाशावर चहा सांडल्यासारखा झाला.

त्यातच प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "यंदा समिती येणार आहे कॉलेज तपासायला. मंच जिवंत दिसला पाहिजे. दिसला, तर तुझ्या पूर्णवेळ ऑर्डरवर मी सही करतो. नाही, तर जूनपासून दुसरीकडे बघ." मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. माझं लग्न ठरल्यात जमा होतं. पण मुलीच्या वडिलांनी 'पूर्णवेळ झालात की कळवा' असं गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. म्हणजे नोकरी आणि लग्न दोन्ही त्या एकोणसाठ सहमतांवर लटकलं होतं.

त्याच सुमारास पवईच्या एका हॉटेलात 'डिझाइन थिंकिंग' या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा निघाली. शनिवार-रविवार असल्याने कोणीच तयार होईना. मॅडम तयार झाल्या, कारण त्या हॉटेलच्या माहितीपत्रकात समोरच्या पवई तलावाला विहार तलाव म्हटलं होतं आणि त्यांना मॅनेजरला भेटायचं होतं. सोमवारी त्या पाच रंगांच्या चिकट चिठ्ठ्या घेऊन आल्या. दुपारपर्यंत विभागाचं कपाट दिसेनासं झालं.

"पाच पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी काम करायचं त्याला आधी समजून घ्या. मग अडचण नेमकी काय ते ठरवा. मग सुचेल ते सगळं लिहून काढा. मग कच्चा नमुना करा. मग तो वापरून बघा आणि फेकून द्या."

"फेकून द्या असं सांगितलं त्यांनी?"

"ते मी घातलं. त्यांच्या यादीत राहून गेलं होतं."

समजून घेण्यासाठी आम्ही शुक्रवारी चार वाजता कँटीनमध्ये जाऊन बसलो. मंच पाचला बंद व्हायचा. पावणेपाचला दुसऱ्या वर्षाचा ओंकार, वाकोल्याहून येणारा, उंच आणि तोंडाळ मुलगा, मोबाइलवर एक मत टाइप करू लागला. ते त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. आजूबाजूच्या टेबलांवर मुलांनी ते उचललं, दोन-दोन शब्द बदलले, मंचावर चिकटवलं आणि पुन्हा मिसळीकडे वळली. सगळा कारभार सहा मिनिटांत आटोपला.

मॅडम उठल्या आणि सरळ त्यांच्या टेबलावर जाऊन बसल्या. मुलं ताडकन उभी राहिली.

"बसा. मी तुम्हाला समजून घ्यायला आलेय."

हे ऐकून मुलं जास्तच घाबरली. एकीने मोबाइल ओढणीत लपवला. शेवटी ओंकारच बोलला. "मॅडम, रागावू नका हां. तुम्ही विचारता, शहरीकरणाचे परिणाम सांगा. उत्तर पुस्तकात आहे. सगळ्यांचं सेम. मग त्यात चर्चा काय करणार ना? आणि तुम्हाला तर सगळंच येतं. आम्ही काही बोललो आणि चुकलो, की वाट लागली."

मॅडमच्या चहावर साय धरली. टेबलाच्या टोकाला प्रज्ञा नावाची मुलगी बसली होती. दोन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हजेरीलाही ती फक्त हात वर करायची. तिने मॅडमकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

परत येताना मॅडम जिन्याच्या पायरीवर मध्येच बसल्या. "तुला एक सांगते, बाहेर बोलू नकोस," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आजारपण असेल.

"आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. बारा वर्षं नोटिसा लावतेय. लिफ्ट बंद, पाणी बंद, गच्ची बंद. कोणी वाचत नाही. एकदा सत्यनारायणाची पूजा रविवारी होती आणि मी," इथे त्यांनी आवाज खाली आणला, "शनिवार लिहिलं."

"मग?"

"सकाळी सातपासून बेल. अठरा घरांतली माणसं आली, माझी चूक दाखवायला. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नव्हते, तेसुद्धा जिना चढून आले. बसले, चहा प्यायले, हसत हसत गेले. मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. पण बघ, अख्खी बिल्डिंग बोलली रे."

मग त्या उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "मी चुकणार. मुद्दाम."

कच्चा नमुना म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातला फळा निवडला. त्यावर लिहिलं : 'मुंबई उपनगर जिल्हा संपूर्ण सपाट आहे. – भूगोल विभागप्रमुख.' एवढं एक वाक्य लिहायला त्यांना अर्धा तास लागला आणि खडू दोनदा तुटला. फळ्याच्या शेजारच्या खिडकीतून अख्खा डोंगर दिसत होता. मधल्या सुट्टीत तिथे ही गर्दी झाली. कोणीतरी खिडकीकडे बाण काढून लिहिलं, 'हे काय आहे मग, वडापाव?' कोणीतरी डोंगराची उंची लिहिली. दुसऱ्याने ती खोडून वेगळी लिहिली, आणि दोघं भांडत लायब्ररीत गेले. मॅडम खांबाआड उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा एक डोळा हसत होता आणि दुसरा मिटला होता.

मग हा प्रकार मंचावर गेला. शब्दांची अट काढली. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, भेसळ करा, चालेल. बंदी एकाच शब्दावर होती, 'सहमत'. पहिल्या आठवड्यात मॅडमनी मिठी नदी ठाण्याच्या खाडीत नेऊन सोडली. दहा मिनिटांत ओंकारने लिहिलं, 'मॅडम काय पण! वाकोल्याचा नाला मिठीत जातो, मिठी माहीमला जाते. आमच्या खिडकीतून वास येतो, रस्ता चुकायचा प्रश्नच नाही.' त्याला कुर्ल्याच्या मुलीने उत्तर दिलं, तिला बोरिवलीच्या मुलाने. मंच पेटला.

मॅडमना या कामाचा त्रास किती व्हायचा ते फक्त मला ठाऊक होतं. त्यांनी एक निळी वही केली होती. डाव्या पानावर चुकीचं विधान, उजव्या पानावर बरोबर विधान, त्याचा आधार, तारीख आणि सही. आधी उजवं पान भरल्याशिवाय त्या मंचावर चूक टाकत नसत. ती वही त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिली. "मला मध्येच काही झालं, तर प्राचार्यांना दे. बाई वेडी नव्हती एवढं कळू दे. पण मुलांना कधी कळता कामा नये. मुद्दाम केलेली चूक सुधारण्यात काय मजा? मग ते पुन्हा परीक्षेला बसल्यासारखे लिहितील." मी शपथ घेतली.

मला मात्र धाकधूक होती. पूर्वीचा साठचा आकडा आता पस्तिसावर आला होता. प्राचार्य दर सोमवारी विचारायचे, "आकडा का पडला?" आणि मॅडमची अज्ञानं त्यांच्या नावासकट, पदासकट मंचावर जमा होत होती.

जानेवारीत मॅडमनी लिहिलं, 'पाणीपुरवठ्याचा उंचीशी काही संबंध नाही. नळ असला की सगळ्यांना सारखंच पाणी मिळतं.' दोन दिवस नेहमीच्या लोकांची नेहमीची मारामारी झाली. तिसऱ्या दिवशी प्रज्ञाने लिहिलं. तो मजकूर मला अजून पाठ आहे.

'मॅडम हे चूक आहे. मी घाटकोपरला डोंगरावर राहते. खाली नळाला पाणी असतं, वर येत नाही. पाणी चढत नाही म्हणून आम्ही चढतो. एकशे बारा पायऱ्या. मी आणि आई, सकाळी चार खेपा. उंचीचा संबंध आहे.'

खाली ओंकारने लिहिलं होतं, 'यार, तू रोज लेट का येतेस ते आज कळलं. सॉरी.'

मॅडमनी हे विभागात बसून वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "मी या पोरीला तीन वेळा वर्गाबाहेर उभं केलंय," त्या म्हणाल्या. "उशिरा आली म्हणून." मग माझ्याकडून वही मागून घेतली. उजव्या पानावर त्या आधार म्हणून नेहमी पुस्तकाचं नाव आणि पान लिहायच्या. त्या दिवशी लिहिलं, 'आधार : प्रज्ञा, द्वितीय वर्ष.' आणि डाव्या पानावर खाली, 'वर्गाबाहेर उभं केलं, तीन वेळा. या चुका खऱ्या.' सही केली. पुढच्या आठवड्यापासून आमचा सातचा तास पावणेआठला भरू लागला. प्राचार्यांना कारण दिलं, सूर्योदयाचं.

मार्चमध्ये समिती आली. अध्यक्ष बाहेरगावचे होते आणि आमचं नशीब असं, की भूगोलाचेच होते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये एका बाजूला समिती, समोर मॅडम आणि मी. दाराशी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ओंकार आणि प्रज्ञा उभे होते. अध्यक्षांनी मंचाच्या छापील प्रती काढल्या. त्यावर जागोजागी लाल शाई होती.

"उपनगर जिल्हा सपाट आहे," ते वाचू लागले. "मिठी नदी ठाण्याच्या खाडीला मिळते. पाणीपुरवठ्याचा उंचीशी संबंध नाही. ही विधानं विभागप्रमुखांची आहेत?"

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे वळले. "मंच तुझ्याकडे आहे ना? तू वाचत नव्हतास?"

निळी वही माझ्या पिशवीत होती. ती टेबलावर ठेवली असती तर मॅडम सुटल्या असत्या आणि मीही सुटलो असतो. मी पिशवीच्या चेनला हात घातला. मॅडमनी समोरच बघत, ओठ न हलवता म्हटलं, "गप रव."

मग मोठ्याने म्हणाल्या, "त्याला काय विचारता? विधानं माझी आहेत. चुकीची आहेत."

"सगळी?" अध्यक्षांनी विचारलं.

"सगळी. चुकलं माझं."

अठ्ठावीस वर्षांत ते शब्द त्या तोंडातून बाहेर पडले नव्हते. मी गप्प बसलो. शपथेमुळे बसलो असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. जून, ऑर्डर, मुलीचे वडील, सगळं डोळ्यांसमोरून जात होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी मी बसून राहिलो.

"सर, मी बोलू?" दाराशी आवाज आला. प्रज्ञाचा होता. "मॅडम चुकतात. खूपच चुकतात. पण आम्ही सांगितलं की ऐकतात. मी दोन वर्षं बोलले नव्हते. मला वाटायचं, इथे सगळं आधीच ठरलेलं असतं. मी पाण्याचं लिहिलं, तर मॅडमनी तासाची वेळ बदलली. मला माहितेय, सूर्योदयाचं काही नाही त्यात."

"आणि सर," ओंकारला राहवलं नाही, "आता आम्हाला प्रत्येक गोष्ट स्वतः चेक करावी लागते. मॅडमवर भरवसा नाही ना!"

समितीतल्या एक बाई हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी प्रज्ञाला आत बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, "किती पायऱ्या म्हणालीस?" पुढची वीस मिनिटं एकशे बारा पायऱ्या, टाकी कुठे आहे आणि पंप कुठे हवा, यातच गेली. प्रज्ञाने त्यांच्याच लाल पेनने त्यांच्याच कागदाच्या मागे नकाशा काढला. मॅडम मान वाकडी करून तो नकाशा बघत होत्या. उत्तर दिशा बरोबर दाखवली होती.

महिन्याभराने अहवाल आला. मंचावर मुलं निर्भयपणे आणि स्वतःच्या अनुभवातून बोलतात, असं त्यात कौतुक होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'विभागप्रमुखांचे विषयज्ञान चिंताजनक असून त्यांना तातडीने उजळणी वर्गास पाठवावे.' माझ्या ऑर्डरवर सही झाली. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या मॅडमना कांदिवलीला पंधरा दिवसांच्या उजळणी वर्गाला धाडण्यात आलं.

मी वही घेऊन प्राचार्यांकडे निघालो होतो. मॅडमनी जिन्यात अडवलं. "कित्याक? मुलांना वाटतंय, त्यांनी मला शिकवलं. ते काढून घेणार तू त्यांच्याकडून?" उजळणी वर्गातून त्या परत आल्या तेव्हा खूश होत्या. तिथल्या व्याख्यात्यांच्या सात चुका त्यांनी टिपून आणल्या होत्या. "मुद्दाम नव्हत्या रे," त्या म्हणाल्या. "मी प्रत्येकाला विचारलं."

निरोप समारंभात प्रज्ञाने भाषण केलं. सुरुवातच अशी केली, "मॅडमना भूगोल फारसा येत नव्हता, तरी त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला." सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. मॅडमची भुवई एकदाच उडाली. मग सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या त्याच वाजवत होत्या.

पुढे माझं लग्न झालं. मॅडम आल्या, पत्रिकेवरचा नकाशा सुधारून आणला होता. नद्यांचं मंगलाष्टक झालं आणि जेवणाच्या पंगतीत त्यांनी भटजींना गाठलं. नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने का घेत नाही, याचा जाब विचारला. भटजींचा जिलबीचा घास हातातच राहिला. माझे सासरे मला अजून विचारतात, त्या बाई नेमक्या कोण होत्या.

आता विभागप्रमुख मी आहे. निळी वही माझ्या ड्रॉवरमध्ये असते. तिची मागची पानं मीच भरतोय, दर आठवड्याला एक चूक, आधी उजवं पान. मॅडमचं मंचावरचं खातं कॉलेजने अजून बंद केलेलं नाही, कारण ते बंद करायचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात मी मंचावर लिहिलं, की दहिसर नदी विहार तलावातून निघते. घाईत लिहिलं, वहीत नोंद केली नव्हती. तासाभरात बोरिवलीच्या एका मुलाने मला सोलून काढलं. नदी तुळशी तलावातून निघते, सर कधी तिकडे गेलेत का, वगैरे. त्याखाली बारा जण तुटून पडले. मी वाचत असतानाच मोबाइलवर मॅडमचा निरोप आला. फक्त मला.

'विहार? हे मुद्दाम?'

ड्रॉवर शेजारीच होता. 'हो मॅडम' असं लिहून मग सावकाश उजवं पान भरता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. मी दोनदा तेच टाइप केलं आणि दोनदा पुसलं. मला प्राचार्यांची केबिन आठवली, आणि पिशवीच्या चेनवरचा माझाच हात.

'नाही मॅडम,' मी लिहिलं. 'खरंच चुकलं.'

मग एकच शब्द आला, त्यांनी स्वतः बंदी घातलेला.

'सहमत.'